लाल बदाम, अंगठा आणि हसून रडणारा चेहरा : लाइव्हच्या चॅटमधली चित्रं कशी वाचायची?



मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका समूहानं वाळवणाच्या विक्रीसाठी यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह केलं, हे बऱ्याच जणींना आठवत असेल. ग्रामसंघाच्या ओट्यावर कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, नाचणीचे पापड मांडले होते. मोबाईल मी धरला होता. बोलायला समूहाच्या सचिव ताई आणि कोषाध्यक्ष काकू.

काकू बोलायला एकदम पटाईत. त्यांनी लग्न झाल्यावर पहिल्यांदा लाटलेल्या पापडाची गोष्ट सांगितली. सासूबाई तो पापड उचलून म्हणाल्या होत्या, "हा पापड हाय का पायपुसणं?" आम्ही सगळ्या हसलो. मग काकू थोड्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पण मालक गेल्यावर ह्याच पापडानं माझं घर चालवलं."

आणि नेमकं त्याच वेळी चॅटमध्ये धडाधड हसणारे चेहरे आले. एक, दोन, दहा.

काकूंनी ते पाहिलं. चेहरा उतरला. पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. लाइव्ह संपल्यावर मला म्हणाल्या, "ताई, माझ्या दुःखावर लोकं हसली. मला परत त्या मोबाईलपुढं उभी करू नका."

त्यानंतर तीन महिने काकू लाइव्हच्या बैठकीलाही आल्या नाहीत. खरं तर त्यांच्या दुःखावर कुणीच हसलं नव्हतं. हे मला तेव्हाच समजावून सांगता आलं नाही, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. नंतर माहिती घेतली, करून बघितलं, आणि आता तुमच्यासाठी लिहितेय. आपलं वार्तापत्र काळ्या-पांढऱ्या छपाईचं आहे, म्हणून चित्रं छापत नाही, शब्दांतच सांगते. वाचताना मोबाईल शेजारी ठेवा आणि कीबोर्डवर एकेक चित्र शोधत चला.

आधी काकूंचं काय झालं ते

लाइव्ह म्हटलं तरी आपलं चित्र बघणाऱ्याच्या मोबाईलवर त्याच क्षणाला पोहोचत नाही. मध्ये काही सेकंद जातात. नेट कमी असेल तर अर्धा मिनिटसुद्धा. म्हणजे काकूंनी पापडाचा विनोद सांगितला, तो पुण्या-मुंबईतल्या लोकांना उशिरा ऐकू आला, मग ते हसले, मग त्यांनी चित्र टाकलं. तोपर्यंत इकडे काकू मालकांविषयी बोलत होत्या. हसू पापडाचं होतं, पण पोहोचलं उशिरा.

हे मी बैठकीत करून दाखवलं. एका मोबाईलवर लाइव्ह सुरू केलं आणि तेच लाइव्ह दुसऱ्या मोबाईलवर लावलं. काकूंना खास बोलावून घेतलं होतं. म्हटलं, "काकू, हात वर करा आणि आकडे मोजा." काकूंनी हात वर केला. त्या बारापर्यंत मोजून झाल्या, तेव्हा कुठं दुसऱ्या मोबाईलमधल्या काकूंचा हात वर गेला. काकू बघतच राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे ते पापडालाच हसली होती व्हय!"

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. चॅटमध्ये आत्ता दिसणारं चित्र आपल्या आत्ताच्या बोलण्यावर असेलच असं नाही. मनाला लावून घ्यायच्या आधी थोडं मागं जाऊन आठवा, आपण काय बोललो होतो?

इमोजी काय, इमोट काय?

हे दोन्ही शब्द आपण ऐकतो. दोन्ही म्हणजे भावना सांगणारी छोटी चित्रं. पण थोडा फरक आहे.

इमोजी हा शब्द जपानी आहे. ए म्हणजे चित्र, मोजी म्हणजे अक्षर. 1999 साली जपानच्या डोकोमो या मोबाईल कंपनीत शिगेताका कुरिता यांनी 176 छोटी चित्रं तयार केली. तेव्हा मोबाईलवर मोजकीच अक्षरं पाठवता यायची. कोरड्या निरोपाला थोडी भावना जोडावी, म्हणून ही चित्रं. पुढे 2010 साली ती युनिकोडमध्ये आली. युनिकोड म्हणजे सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरनी मान्य केलेली अक्षरांची एक पद्धत. आपण मराठीत पाठवलेला मेसेज समोरच्याला मराठीतच दिसतो, तो याच पद्धतीमुळे. म्हणून इमोजी व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब सगळीकडे चालतो. फक्त प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीनं रंगवते. म्हणून तुमच्या मोबाईलवरचा चेहरा आणि तुमच्या जावेच्या मोबाईलवरचा चेहरा थोडा वेगळा दिसू शकतो.

इमोट म्हणजे एखाद्या ॲपनं किंवा चॅनेलनं स्वतःपुरतं बनवलेलं चित्र. गेमचं लाइव्ह दाखवणारं ट्विच नावाचं एक संकेतस्थळ 2011 मध्ये सुरू झालं. तिथून ही पद्धत फार पसरली. तिथं कप्पा नावाचा एक इमोट आहे. तिथल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याचा तो काळा-पांढरा फोटो. लोक तो कशाला वापरतात? "मी हे खरं म्हणत नाही, टोमणा मारतोय" हे सांगायला. नुसता चेहरा पाहून हे कुणाला कळणार? कळत नाहीच. तिथं रोज बसणाऱ्यालाच कळतं.

सोपं करून सांगायचं तर इमोजी म्हणजे नोट, कुठल्याही दुकानात चालते. इमोट म्हणजे जत्रेतल्या पाळण्याचं कुपन, त्याच पाळण्याला चालतं. यूट्यूबवरही काही चॅनेल आपल्या पैसे भरलेल्या सभासदांसाठी स्वतःची चित्रं ठेवतात. त्यामुळे एखादं चित्र तुमच्या कीबोर्डवर सापडलं नाही तर मोबाईल बिघडला असं समजू नका.

एकच चित्र, वेगळे अर्थ

आता आपल्याला नेहमी दिसणारी चित्रं घेऊ.

*हसून रडणारा चेहरा.* डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे थेंब आणि दात दिसतील एवढं हसू. याचा अर्थ हसून हसून डोळ्यात पाणी आलं. हे चित्र जगभर इतकं चालतं की 2015 साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून चक्क हेच निवडलं. आपल्याकडं याचा घोळ फार होतो. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी वारल्याचा निरोप आला, त्याखाली एका मावशींनी हाच चेहरा टाकला. त्यांना वाटलं, रडतोय. घरच्या लोकांना वाटलं, हसतायत. दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. ओळखायची खूण सांगते : पाण्याकडं बघू नका, तोंडाकडं बघा. तोंडाचे कोपरे वर म्हणजे हसू. कोपरे खाली, किंवा तोंड वासलेलं आणि गालावरून पाण्याच्या धारा, म्हणजे बहुतेक रडू. आणि मोठ्या मुलांचं आणखी वेगळं : ती मोठ्यानं रडणारा चेहरासुद्धा "फारच भारी" म्हणून टाकतात. म्हणून दुखवट्याच्या जागी चित्रच टाकू नका. दोन शब्द लिहा, नाहीतर फोन करा.

*अंगठा.* आपल्या ऑनलाइन प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, "समजलं असेल त्यांनी अंगठा दाखवा." एका आजींनी ठाम नकार दिला. म्हणाल्या, "वीस वर्षांमागं समूहात आले तवा सही शिकले. आता परत अंगठा द्यायचा व्हय?" आम्ही हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. आपल्या समूहांनी अंगठ्यावरून सहीवर यायला केवढे कष्ट घेतलेत! शिवाय आपल्या भाषेत अंगठा दाखवला म्हणजे फसवलं, काही दिलं नाही. चॅटमध्ये मात्र वर केलेला अंगठा म्हणजे "हो, पटलं, समजलं" एवढंच. खाली केलेला अंगठा म्हणजे "आवडलं नाही". आजींना मी म्हटलं, "हा अंगठा कागदावरचा नाही. हे तुमचं मत आहे." मग त्यांनी दाबला. पण मॅडमना सांगायला लावलंच की मला सही येते.

*लाल बदाम.* इंग्रजीत हार्ट, पण आपण पत्त्यांतल्यासारखं बदामच म्हणतो. या बदामापायी आपल्या एका तरुण ताईचं लाइव्ह बंद पडायची वेळ आली होती. त्याच वाळवणाच्या दिवशी तिनं पाच मिनिटं मसाल्याची माहिती सांगितली आणि स्क्रीनवर बदामांची रांग लागली. घरी कुणीतरी ते दाखवलं. झालं! "परकी माणसं आमच्या सुनेला बदाम पाठवतात" म्हणून घरात दोन दिवस अबोला. मी त्यांच्या घरी गेले. वाद घातला नाही. सासूबाईंना रोज लाइव्ह कीर्तन ऐकायची सवय आहे, तेच लावायला सांगितलं. कीर्तनावर बदामांचा नुसता पाऊस पडत होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, महाराजांना पण बदाम?" तिथंच प्रश्न मिटला. लाइव्हमधला बदाम म्हणजे "आवडलं", आपण टाळी वाजवतो तसा. यूट्यूबच्या लाइव्हवर कडेनं वर तरंगत जाणारे बदाम, हसरे चेहरे असतात ना, ते कुणी पाठवले याचं नावसुद्धा दिसत नाही. मात्र कुणी अनोळखी माणूस आपल्याला खाजगी मेसेज करून बदाम पाठवत असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथं उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करायचं.

*जोडलेले हात.* आपल्याला नमस्कार, जपानमध्ये "कृपा करा" किंवा "आभारी आहे". आपल्याकडं हेच चित्र स्वागताला, आभाराला आणि श्रद्धांजलीलाही चालतं. म्हणून नुसते हात न टाकता पुढं एक शब्द लिहिला तर घोळ होत नाही.

*आग आणि कवटी.* आगीची ज्वाळा म्हणजे "जबरदस्त". मसाल्याच्या लाइव्हवर आली तर खूश व्हा. कवटी आली तर करणी-बिरणीचं मनात आणू नका. तरुण मुलं ती "हसून हसून मेलो" या अर्थानं टाकतात.

*वांगं.* हे लिहावं की नाही, असा विचार केला. पण आपल्या कितीतरी ताई भाजी विकतात, म्हणून लिहितेच. वांग्याचं चित्र समाजमाध्यमांवर अश्लील अर्थानं वापरलं जातं. पीच नावाच्या गुलाबी फळाचंही तसंच. त्यामुळे भरल्या वांग्याच्या मसाल्याची जाहिरात करताना वांग्याचं चित्र टाकलं तर काही टवाळ लोक घाण लिहितात. यात तुमची चूक अजिबात नाही. वांगं हे वांगंच आहे. पण त्रास टाळायचा असेल तर चित्राऐवजी आपल्या टोपलीतल्या वांग्यांचा फोटो टाका. फोटोनं विक्रीही चांगली होते.

मग वाचायचं कसं?

चित्र दिसलं की मनात तीन प्रश्न विचारा. कुणी टाकलं? ओळखीचं, गिऱ्हाईक, की परकं? कशावर टाकलं? आत्ताच्या बोलण्यावर की मघाच्या? आणि एकट्यानं टाकलं की सगळ्यांनी? एकट्यानं नाक मुरडलं तर सोडून द्या. दहा जणांनी टाकलं तर आपलं काही राहिलंय का ते बघा, आवाज येत नसेल किंवा मोबाईल आडवा झाला असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चित्रांच्या गर्दीत अक्षरं शोधा. त्या पहिल्या लाइव्हमध्ये आम्ही बदाम मोजत बसलो आणि चार जणांनी विचारलेलं राहून गेलं. "कुरडई किलो कशी?" "कुरिअर करता का?" रात्री मी चॅट परत वाचलं तेव्हा दिसलं. चौघांना दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, एकीनंच घेतलं. बाकीच्या तिघांनी तोवर दुसरीकडून घेतलं होतं. बाजारात बसल्यावर ये-जा करणारे हसतात, मान हलवतात. त्यांच्याकडं बघून आपणही हसतो. पण "कसं दिलं?" विचारणाऱ्याकडं आधी वळतो. इथंही तसंच करायचं.

यूट्यूबच्या चॅटमध्ये वर दोन पर्याय असतात, टॉप चॅट आणि लाइव्ह चॅट. टॉप चॅटमध्ये काही मेसेज गाळले जातात. लाइव्ह चॅटमध्ये सगळे दिसतात. विक्री असेल तेव्हा चॅट वाचणारीनं लाइव्ह चॅट ठेवावं.

वापरायचं कसं?

दिवाळीच्या फराळाच्या लाइव्हला आम्ही कामं वाटून घेतली. तुम्हीही असंच करून बघा :

1. एकीनं बोलायचं. तिनं चॅटकडं बघायचंच नाही.
2. दुसरीनं वेगळ्या मोबाईलवर चॅट वाचायचं आणि फक्त प्रश्न मोठ्यानं सांगायचे.
3. तिसरीनं वहीत ऑर्डर लिहायची.
4. सुरुवातीलाच सांगायचं, "ज्यांना ऑर्डर द्यायची आहे त्यांनी सूर्यफूल टाका आणि किती किलो ते लिहा." म्हणजे गर्दीत ऑर्डर लगेच दिसते. फूल कुठलंही चालेल, पण दर वेळी एकच ठेवा.
5. चित्र टाकल्यावर उशीर लागतो हे लक्षात ठेवून प्रश्न विचारल्यावर थोडं थांबायचं. तोवर माल दाखवायचा.

आपण बघणाऱ्या असलो तरी चित्रं उपयोगी आहेत. ज्या ताईंना टाईप करायला अवघड जातं, त्या लाइव्ह प्रशिक्षणात गप्प बसतात आणि शिकवणाऱ्याला वाटतं, सगळं समजलं. समजलं तर अंगठा, नाही समजलं तर हात वर केलेलं चित्र. एवढं आलं तरी तुमचं म्हणणं पोहोचतं. पण गर्दीत सलग दहा-वीस चित्रं टाकू नका. दुसरीचा प्रश्न वर सरकून जातो.

पैशाची गोष्ट

साधं चित्र टाकायला एक रुपयाही लागत नाही आणि पिनही लागत नाही. पण मोठ्या चॅनेलच्या लाइव्हवर चॅटच्या शेजारी पैशाच्या चिन्हाचं एक बटण असतं. त्यात नाचणारी मोठी रंगीत चित्रं असतात, त्यांना सुपर स्टिकर म्हणतात. ती विकतची असतात. भजन ऐकताना भक्तिभावानं बोट तिकडं जातं. रक्कम दिसली किंवा पिन मागितला की थांबा. त्या पैशातला साधारण 30 टक्के वाटा यूट्यूब ठेवतं, हेही माहीत असू द्या. चॅनेलला मनापासून द्यायचं असेल तर द्या, पण जाणूनबुजून द्या.

आणखी एक. चॅटमध्ये बक्षिसाच्या डब्याचं चित्र आणि "अभिनंदन, तुम्ही जिंकलात, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा" असं आलं तर ती फसवणूक समजा. कधी कधी असे लोक आपल्याच चॅनेलचं नाव आणि फोटो लावून येतात. चॅटमध्ये आपला मोबाईल नंबर, पत्ता लिहू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

घरात मुलं "इमोट घ्यायचाय" म्हणत असतील तर तो इमोट वेगळा. मोबाईल गेममधल्या माणसाचा नाच किंवा हातवारा, त्यालाही इमोट म्हणतात, आणि त्यातले बरेच विकत मिळतात. एका ताईंच्या खात्यातून बचतीचे पैसे असेच थोडे थोडे गेले. मुलाला पिन माहीत होता. मुलाला मारून उपयोग नाही, पिन बदला. आणि त्याला जवळ बसवून विचारा, "हा इमोट म्हणजे काय, मला दाखव की." तो दाखवेल. मलाही अर्धी माहिती अशाच पोरांनी दिलीय.

कुणी घाण टाकलं तर

उत्तर द्यायचं नाही, रडायचं नाही, लाइव्ह बंदही करायचं नाही. चॅट सांभाळणाऱ्या ताईला आधीच मॉडरेटर करून ठेवा. तिला तो मेसेज काढता येतो, त्या माणसाला चॅनेलवरून लपवता येतं. आधी स्क्रीनशॉट घ्यायला सांगा. फारच त्रास झाला तर महिला हेल्पलाइन 181 आहे, सायबर पोलीस आहेत, आणि आपला ग्रामसंघ तर आहेच. कुणी एकानं घाण लिहिलं म्हणून आपल्या ताईनं बोलणं का सोडायचं?

दिवाळीच्या लाइव्हला कोषाध्यक्ष काकू परत आल्या. चकलीची भाजणी दाखवताना मालकांचा विषय निघाला, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आता हसणारे चेहरे आले तर ते मघाच्या गोष्टीचे हायेत, मला ठाऊक हाय." थोड्या वेळानं चॅटमध्ये जोडलेले हात आले, बदाम आले, आणि मध्येच एक सूर्यफूल : भाजणी दोन किलो. वाचणाऱ्या ताईनं ते मोठ्यानं वाचलं आणि काकूंनी बोलता बोलता हातानंच इशारा केला, लिहून घे.

पुढच्या मासिक बैठकीत आपण याचा सराव घेऊ. दोन मोबाईल आणि हेडफोन मी आणते. ज्या चित्राचा अर्थ तुम्हाला कळला नाही त्याचा स्क्रीनशॉट घेऊन या. घरातल्या कॉलेजच्या मुलींनाही आणा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि लाइव्हमध्ये बोलायला घाबरणारी एखादी ताई तुमच्या समूहात असेल तर तिला मुद्दाम सोबत घेऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक